मशीनला जॉब दिसत नाही

प्रोग्राम तयार आहे, मशीन नवं आहे, एकदा चालू झालं की दीड मिनिटात एक नग पडतो. मग पहिला नग निघायला दोन-तीन तास कसले लागतात?

हा प्रश्न कारखान्याचा नवा मालक विचारतो, आयटीआय संपवून नुकताच भोसरीत किंवा शिरोलीत कामाला लागलेला मुलगा विचारतो, त्या मुलाच्या घरचेही विचारतात. त्यांच्या मनातलं चित्र असं असतं की संगणक मशीन चालवतो आणि माणूस बटण दाबतो. ते दोन-तीन तास म्हणजे सेटिंगचा वेळ. त्या वेळात माणूस नेमकं काय करतो हे समजलं, की सीएनसीचं निम्मं काम समजलं. बाकीचं निम्मं हातांना सवयीने येतं.

सेटिंगच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मशीनला जॉब दिसत नाही, टूलही दिसत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस पावलं मोजत घरभर अचूक फिरू शकतो; पण तो कुठे उभा आहे आणि मधे स्टूल कोणी ठेवलंय, हे दुसऱ्याने सांगावं लागतं. सेटर हा तो दुसरा माणूस. सेटिंगमध्ये तो मशीनला जे जे सांगतो ते शेवटी आकड्यांतच सांगतो, आणि प्रत्येक आकडा त्याने प्रत्यक्ष वस्तूला हात लावून, मोजून मिळवलेला असावा लागतो. या प्रकरणात आपण ते आकडे एकेक करून बघू. उदाहरणासाठी एकच जॉब धरू: ईएन ८ पोलादाचं बुश, बाहेरचा व्यास ४० एफ ७, आतलं बोअर २५ एच ७, लांबी ३०. कच्चा माल ४२ व्यासाचा कापलेला बार. मशीन दोन अक्षांची लेथ: झेड म्हणजे लांबीची दिशा, एक्स म्हणजे व्यासाची.

१. मशीनला काय माहीत असतं?

लेथच्या प्रत्येक अक्षाला एक बॉल स्क्रू असतो. मोटर तो फिरवते आणि टूलं धरणारा टरेट सरकतो. समजा स्क्रूचा पिच १० मि.मी. आहे, म्हणजे पूर्ण एका फेऱ्याला टरेट १० मि.मी. सरकेल आणि फेऱ्याच्या हजाराव्या भागाला १० मायक्रॉन. मोटरला जोडलेला एन्कोडर हे फेरे आणि फेऱ्यांचे अंश मोजतो. मशीनचं सगळं ज्ञान एवढंच: होम नावाच्या एका ठरलेल्या जागेपासून स्क्रू किती फिरला. चकमध्ये ४२ चा बार आहे की ६० चा, बोरिंग बार किती बाहेर आलाय, इन्सर्टचं टोक उडालंय का, यातलं काहीही त्याला कळत नाही.

हे असं का झालं, ते जन्मकथेत सापडतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमधले जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वक्र आकारासाठी बिंदूंचे आकडे काढून त्या आकड्यांनुसार मशीन हलवण्याची पद्धत बसवत होते. पुढे एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने एका मिलिंग मशीनला मोटरी जोडून ते छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालवून दाखवलं, १९५२ साली. त्या पट्टीवर फक्त आकडे होते. त्याआधी टूल जिथे जॉबला भिडतं तिथे टर्नरची नजर असायची. हँडल फिरवताना तो बघत होता, आवाज ऐकत होता, हाताला लागणारा जोर ओळखत होता. पट्टी आली आणि कापण्याच्या जागेवरून माणसाची नजर उठली. मग ती नजर जे करत होती ते सगळं आधीच, कापण्यापूर्वी, करून ठेवणं भाग पडलं. त्यालाच आपण आज सेटिंग म्हणतो. पट्टी जाऊन मेमरी आली, स्क्रीन रंगीत झाला, पण मशीन तेव्हाइतकंच आंधळं राहिलं आहे.

२. आधी पकड

नव्या मुलाचं लक्ष स्क्रीनकडे असतं. चांगला सेटर मात्र आधी ड्रॉइंग बघतो, मग चक. कारण पकड चुकली तर पुढचे सगळे आकडे बरोबर असूनही जॉब चुकतो.

ड्रॉइंगवर पहिला प्रश्न विचारायचा: कोणतं माप कोणत्या मापाशी बांधलेलं आहे? आपल्या बुशचं बोअर आणि बाहेरचा व्यास एकाच केंद्रावर हवेत. तर दोन्ही एकाच पकडीत मारणं उत्तम. ते जमत नसेल आणि जॉब उलटा करायचा असेल, तर आधी तयार झालेल्या पृष्ठभागावरच पकडलं पाहिजे. इथेच सॉफ्ट जॉ लागतात.

सॉफ्ट जॉ म्हणजे कडक न केलेल्या पोलादाचे जॉ, जे त्याच मशीनवर जॉबच्या मापाला बोअर करून घेतात. हे करताना तीन गोष्टींची कारणं समजून घ्यायला हवीत. पहिली, जॉवरचा क्रमांक आणि चकच्या खाचेचा क्रमांक जुळला पाहिजे. एकदा बोअर केलेला जॉ दुसऱ्या जागी बसवला तर तो बोअर त्या जागेचा राहत नाही. दुसरी, बोअर करताना जॉमध्ये एखादी रिंग पकडून चक आवळलेला ठेवायचा, तोही जॉबला वापरणार त्याच दाबावर. चकच्या खाचांत थोडी मोकळीक असते, जोर आला की जॉ किंचित कलतो. मोकळ्या जॉला बोअर केलं तर ते काम कललेल्या जॉला उपयोगी नाही. तिसरी गोष्ट मापाची. जॉचं बोअर जॉबपेक्षा लहान राहिलं तर प्रत्येक जॉच्या दोन कडा टेकतात, म्हणजे सहा ठिकाणी चावा बसतो. मोठं झालं तर प्रत्येक जॉ फक्त मधोमध टेकतो, म्हणजे तीनच ठिकाणी. माप जुळलं की जॉची पूर्ण कमान जॉबला धरते, आणि कमी दाबात घट्ट धरते.

कमी दाबाचं महत्त्व पातळ जॉबवर कळतं. पातळ भिंतीची रिंग तीन जॉमध्ये जोरात आवळली की ती तीन ठिकाणी आत दबते. त्या दबलेल्या अवस्थेत मशीन सुंदर गोल बोअर मारतं. चक सोडला की रिंग आपल्या मूळ आकाराकडे परत जाते आणि बोअर तीन बाजूंनी फुगतं. आता यातली खरी अडचण बघा. असा तीन फुगवट्यांचा आकार दोन टोकांनी मोजला तर सगळीकडे जवळजवळ तेच माप देऊ शकतो, कारण एका बाजूला फुगवटा असतो तेव्हा बरोबर समोर खोलगट भाग असतो. व्हर्निअर ‘ओके’ म्हणतो, जोडणीच्या जागी बेअरिंग बसत नाही, आणि मग मशीनवर, मटेरियलवर, प्रोग्रामवर संशय घेत दिवस जातो. तीन टोकांच्या बोअर मायक्रोमीटरने, फिरवून फिरवून बघितलं तर हा दोष उघडा पडतो. जॉ तीन असतील तर दोष तीनाच्या रूपात येणार, हे डोक्यात असलेला माणूस पहिल्याच नगाला तसं मोजतो.

जॉब बसवल्यावर लीव्हर डायल लावायचा. शॉपमध्ये त्याला पपी डायल म्हणतात. चक हाताने सावकाश फिरवून काटा किती हलतो ते बघायचं. काटा हलला तर आधी जॉ पुसा. जॉच्या पायरीवर बसलेली एक बारीक चिप फेस वाकडा करायला पुरते, आणि ती चिप डोळ्यांना दिसेलच असं नाही.

३. टूल किती बाहेर, किती उंच

टूलच्या बाबतीत नवखा माणूस बहुतेक वेळा इन्सर्टचा ग्रेड विचारतो. त्याआधी टूल किती बाहेर आलं आहे ते विचारावं. टूल जितकं बाहेर तितकं ते लवतं, आणि हे लवणं लांबीच्या घनाने वाढतं. ६० मि.मी. बाहेर असलेला बोरिंग बार ८० वर नेला, तर लांबी वाढली एक तृतीयांश, पण लवणं झालं २.४ पटीच्या आसपास. लवणारा बार थरथरतो आणि बोअरवर जाळी उमटते. पोलादी बोरिंग बारच्या बाबतीत, बाहेर आलेली लांबी बारच्या व्यासाच्या चौपटीच्या आत ठेवायची असा सर्वमान्य नियम आहे. आपलं बुश ३० लांबीचं आहे. बार ३० पेक्षा थोडा जास्त बाहेर ठेवला की काम होतं. मागच्या जॉबला ७० लागला होता म्हणून तसाच ठेवू नये.

दुसरं, टोकाची उंची. इन्सर्टचं टोक स्पिंडलच्या मध्यरेषेवर हवं. फेसिंग केल्यावर मधोमध छोटी गुठळी राहिली, तर टोक मध्यावर नाही हे समजायचं. इतकी सोपी आणि फुकटची तपासणी दुसरी नाही, तरी ती बरेच जण करत नाहीत.

इन्सर्टच्या नावाचं मात्र थोडं बघू, कारण त्यात कामाचा आकडा लपलेला असतो. डब्यावर सीएनएमजी १२०४०८ असं लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर आकार सांगतं, ८० अंशांचा चौकट तुकडा. शेवटचे ०८ म्हणजे टोकाची गोलाई ०.८ मि.मी. ही गोलाई फिनिश ठरवते. पृष्ठभागावर उरणाऱ्या रेघांची उंची साधारणपणे फीडचा वर्ग भागिले गोलाईच्या आठपट इतकी येते. फीड ०.२ असेल तर ०.०४ भागिले ६.४, म्हणजे ६ मायक्रॉनच्या थोडं वर. फीड निम्मा, ०.१ केला की उंची दीड मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे चौथाई. फिनिश येत नाही म्हणून स्पीड वाढवत बसण्याआधी हे गणित आठवावं.

४. झिरो म्हणजे काय

आता सेटिंगच्या गाभ्याकडे येऊ. प्रोग्राम म्हणतो: टूल झेड शून्यावर आण, एक्स ४० वर आण. प्रोग्रामचं शून्य म्हणजे जॉबचा पुढचा फेस आणि जॉबचं केंद्र. मशीनचं शून्य म्हणजे होम, कुठेतरी लांब कोपऱ्यात. या दोन शून्यांमधलं अंतर, प्रत्येक टूलसाठी वेगळं, मशीनला सांगायचं असतं. त्या अंतराला ऑफसेट म्हणतात.

एक्सचं उदाहरण घेऊ. टर्निंग टूलने बारवर थोडासा हलका कट मारला. एक्सला अजिबात हात न लावता टूल फक्त झेडमध्ये मागे घेतलं, स्पिंडल थांबवला, व्यास मोजला: ४१.३६०. या क्षणी मशीनच्या पडद्यावर होमपासूनचा एक्स दिसतोय: उणे २०८.६४०. आता विचार करा. टूल ४१.३६ व्यासावर उभं आहे. ते आणखी ४१.३६ आत गेलं असतं तर थेट केंद्रावर पोचलं असतं. म्हणजे या टूलसाठी केंद्र कुठे आहे? उणे २०८.६४० मधून ४१.३६० वजा: उणे २५०.०००. हाच त्या टूलचा एक्स ऑफसेट. आपण ऑफसेटच्या पानावर एक्स ४१.३६ टाइप करून मेजर दाबतो तेव्हा मशीन नेमकी हीच वजाबाकी करतं. पुढे प्रोग्रामने एक्स ४० मागितला की मशीन उणे २५० मध्ये ४० मिळवून उणे २१० वर जाऊन उभं राहतं.

यावरून दोन गोष्टी आपोआप कळतात. मोजण्याआधी एक्स हलवला तर वजाबाकीतला पहिला आकडा चुकला. आणि मोजण्यात चूक झाली तर दुसरा चुकला. ऑफसेट चुकण्याचा एक्समध्ये तिसरा मार्ग जवळजवळ नाहीच. आणखी एक, लेथवर एक्सचे आकडे व्यासाचे असतात. पडद्यावर एक्स १ मि.मी. बदलला की टूल प्रत्यक्षात अर्धाच मि.मी. सरकतं. मिलिंगवरून लेथवर आलेल्या माणसाला इथे काही दिवस अडखळायला होतं.

झेडचं काम त्याहून सोपं. फेसिंगचा हलका कट मारून झेड न हलवता टूल एक्समध्ये बाहेर काढायचं आणि झेड शून्य टाकून मेजर दाबायचं. बाकीची टूलं त्याच तयार फेसला टच करायची. काही मशीनवर टूल टच करायला वेगळा सेन्सरचा हात असतो, त्याने वेळ वाचतो. पण आत चाललेलं गणित हेच.

सगळी टूलं टच झाली की तपासणी. ही माझ्या मते नव्या माणसाने कधीही न चुकवण्याची पायरी आहे. एमडीआयवर, म्हणजे एकेक ओळ हाताने टाइप करून चालवण्याच्या मोडवर, टूल त्याच्या ऑफसेटसह बोलवा, रॅपिड अगदी कमी ठेवा, आणि टूल झेड ५० ला आणा. आता साधी स्टीलची पट्टी धरून टूलचं टोक आणि जॉबचा फेस यांत ५० मि.मी. आहे का ते बघा. प्रत्येक टूलला हेच. दहा मायक्रॉनची चूक पट्टीला कळणार नाही, पण ती चूक फक्त एक जॉब बाद करते. दहा मिलिमीटरची चूक टरेट चकवर आदळवते, आणि ती चूक पट्टीला लगेच कळते.

५. वेग, आणि वेगाची वेसण

पोलादासाठी कार्बाइड इन्सर्टला समजा मिनिटाला १८० मीटर कापण्याचा वेग दिला. ४० व्यासावर फेरे किती? १८० ला हजाराने गुणायचं आणि पाय गुणिले ४० ने भागायचं: मिनिटाला सुमारे १,४३२. जी ९६ दिल्यावर मशीन हा कापण्याचा वेग कायम राखतं, म्हणजे व्यास कमी होईल तसे फेरे वाढवतं. फेसिंग करताना टूल २० व्यासावर आलं की २,८६५, १० वर आलं की ५,७३०, आणि केंद्रापाशी गणित अनंताकडे जातं. म्हणून त्याआधी जी ५० ने कमाल फेऱ्यांची मर्यादा घालतात.

ही मर्यादा केवळ मोटरसाठी नाही. चक वेगात फिरला की जॉ बाहेरच्या दिशेला ओढले जातात आणि बाहेरून धरलेल्या जॉबवरची पकड सैल होत जाते. सॉफ्ट जॉ उंच आणि जड असतील तर अधिकच. चकवर लिहिलेला कमाल वेग बघितल्याशिवाय जी ५० चा आकडा ठरवू नये, आणि दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये जी ५० दिसला नाही तर सायकल स्टार्टला हात लावू नये.

६. पहिला नग

सेटिंगचा सगळ्यात ताणाचा भाग हाच, आणि त्याला शिस्त आहे. सिंगल ब्लॉक चालू करायचा, म्हणजे मशीन प्रोग्रामची एक ओळ करून थांबेल. रॅपिड सर्वांत कमी. डावा हात फीड ओव्हरराइडवर, उजव्या हाताचं बोट फीड होल्डपाशी. टूल जॉबकडे येऊ लागलं की फेसपासून अंदाजे दहा मि.मी. वर फीड होल्ड दाबायचा आणि पडद्यावर ‘उरलेलं अंतर’ बघायचं. प्रोग्राम झेड २ ला चाललाय आणि पडदा म्हणतो ८ उरलेत, तर डोळ्यांना दिसतंय ते आणि मशीनला वाटतंय ते जुळलं. पडदा म्हणाला ५८ उरलेत, तर मशीन फेसच्या आत अठ्ठेचाळीस मिलिमीटर घुसायला निघालंय. रीसेट दाबा आणि ऑफसेट पुन्हा बघा. प्रत्येक टूलच्या पहिल्या येण्याला हा थांबा घ्यायचाच.

आता माप. ४० एफ ७ म्हणजे व्यास ३९.९५० ते ३९.९७५ च्या मधे हवा. अवघी पंचवीस मायक्रॉनची जागा. प्रोग्राममध्ये मधलं माप, ३९.९६२, घेतलं आहे. पण पहिल्या नगाला थेट त्या मापावर जायचं नाही. फिनिशिंग टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे मूळ ऑफसेटवर चढवायच्या छोट्या दुरुस्तीच्या खान्यात, एक्सला अधिक ०.२०० टाकायचं. आता मशीनकडून अपेक्षा ४०.१६२ ची. नग मारला, मोजला, आला ४०.२१२. म्हणजे पन्नास मायक्रॉन जास्त. कुठून आले? टच करताना मोजण्यातला थोडा फरक, कट बसल्यावर टूलचं थोडं लवणं. कारण शोधत बसण्याची इथे गरज नाही. मोठं अंतर नाही ना, एवढं बघायचं.

एकदम सगळं काढायची घाई करू नये. आधी ०.२०० काढा, म्हणजे वेअर शून्यावर आणा, आणि फक्त फिनिशिंग पुन्हा मारा. अपेक्षा ४०.०१२, मोजल्यावर आलं समजा ४०.००८. कट हलका झाला की लवणंही बदलतं, म्हणून हा चार मायक्रॉनचा फरक. आता उरलं ०.०४६. वेअरमध्ये उणे ०.०४६. तिसऱ्यांदा फिनिशिंग, आणि माप ३९.९६२ च्या आसपास. नग वाचला. बोअरला दिशा उलटी: बोअर मोठं झालं की माल गेला, म्हणून तिथे सुरुवात उणे ०.२०० ने करायची आणि २५.००० ते २५.०२१ च्या मधोमध चढत जायचं.

आकडा भरताना दोन सापळे आहेत. फानुक कंट्रोलवर इनपुट दाबलं तर जुना आकडा पुसून नवा बसतो. अधिक-इनपुट दाबलं तर जुन्यात मिळवला जातो. वेअरमध्ये आधीच उणे ०.०४६ असताना आणखी ०.०१० कमी करायचं असेल आणि चुकून साधं इनपुट दाबलं, तर वेअर उणे ०.०१० वर येतो आणि जॉब बारीक होण्याऐवजी जाड होतो. दुसरा सापळा दशांश चिन्हाचा. ०.०५ ऐवजी ०.५ टाइप झालं की व्यासात अर्धा मिलिमीटर गेला. वेअरमध्ये एका वेळी किती मोठा आकडा भरता येईल याला पॅरामीटरने मर्यादा घालता येते, आणि शिकाऊ मुलं असलेल्या प्रत्येक शॉपने ती घालावी असं मला वाटतं. पोराला चुकीची भीती घालण्यापेक्षा मशीनला कुंपण घालणं स्वस्त पडतं.

७. गरम जॉब खोटं बोलतो

पंचवीस मायक्रॉनच्या जागेत तापमानाला बराच वाटा असतो. पोलादाचा एक मीटर प्रत्येक अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतो. आपला ४० व्यास, आणि कापून निघालेला जॉब मायक्रोमीटरपेक्षा ३० अंशांनी गरम असेल, तर व्यास सुमारे १४ मायक्रॉनने मोठा मोजला जातो. हातातल्या मापावरून ऑफसेट दिला तर जॉब थंड झाल्यावर निम्म्याहून अधिक टॉलरन्स त्यातच गेलेला असतो.

मापांचं जागतिक संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते कुठून आणणार? पण जॉब, मायक्रोमीटर आणि स्लिप गेज यांचं तापमान एक करणं शक्य असतं, आणि तिघंही पोलादाची असली की बराचसा फरक आपोआप मिटतो. जॉब कूलंटमध्ये बुडवून, पुसून, मायक्रोमीटर उन्हात किंवा खिशात न ठेवता, दोघांना काही वेळ एकाच टेबलावर ठेवून मग मोजा. सकाळी मशीन थंड असतं आणि तास-दोन तासांत स्पिंडल, स्क्रू तापून मापं सरकतात. म्हणून कडक मापाच्या कामाआधी स्पिंडल थोडा वेळ मोकळा फिरवून घेतात.

८. मिलिंगवाल्यांसाठी थोडं

व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर, तत्त्व तेच, फक्त नावं वेगळी. जॉबचं शून्य जी ५४ मध्ये जातं, ते एज फाइंडरने किंवा डायलने घेतात. प्रत्येक टूलची लांबी एच क्रमांकाच्या खाली लिहिलेली असते आणि जी ४३ ती वापरायला सांगतं. इथला धोका एकच पण मोठा: स्पिंडलमध्ये १६५ लांबीचं टूल आणि ओळीत क्रमांक १२० लांबीच्या टूलचा. मशीन समजतं की टूल आखूड आहे, आणि ४५ मि.मी. जास्त खाली येतं. म्हणून टूल क्रमांक आणि एच क्रमांक नेहमी सारखेच ठेवण्याची पद्धत आहे. ती मोडण्याचं कारण सहसा नसतं.

९. दोन-तीन तास कमी होतील का?

होतील, पण हात भराभर चालवून नव्हे. शिगेओ शिंगो हे जपानी अभियंते १९५० साली हिरोशिमातल्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदा, कारखान्यात होते. एका ८०० टनी प्रेसचा साचा बदलताना एक कामगार एक बोल्ट शोधत तासाहून जास्त वेळ हिंडत राहिला आणि प्रेस तोवर बंद होतं. शिंगोंनी त्यावरून कामाचे दोन भाग पाडले: मशीन थांबवूनच करावं लागणारं, आणि मशीन चालू असतानाच उरकता येणारं. पुढे टोयोटामध्ये १,००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं.

आपल्या लेथवर हे असं दिसतं. जॉ शोधणं, इन्सर्ट स्टोअरमधून आणणं, मायक्रोमीटर स्लिप गेजवर तपासणं, प्रोग्राम वाचून टूलांची यादी करणं, ड्रॉइंगवरची मापं मायक्रॉनमध्ये उतरवून काढणं, हे सगळं आधीचा जॉब चालू असताना करता येतं. मशीन बंद असताना फक्त जॉ बसवणं, बोअर करणं, टच करणं आणि पहिला नग. अनेक शॉपमध्ये बंद मशीनसमोर ॲलन की शोधण्यात जाणारा वेळच सेटिंगच्या नावावर लिहिला जातो.

मला मनापासून खटकतं ते वेगळंच. कित्येक कारखान्यांत मुलाला दोन-दोन वर्षं फक्त जॉब लावायला-काढायला ठेवतात आणि सेटिंग चालू असताना ‘बाजूला हो’ म्हणतात. ज्याला झिरो कसा आला ते दाखवलं नाही, त्याला बिघडलेला झिरो ओळखता येत नाही. पहिल्याच महिन्यात, मशीन मोकळं असताना, नायलॉनच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर त्याला टच करू द्यावं, वजाबाकी वहीत लिहायला लावावी, आणि पट्टी लावून तपासायला लावावं. त्याला लागणारा माल भंगाराच्या ढिगातच पडलेला असतो.

१०. पाळी बदलताना

सेटिंग पूर्ण झालं, नग पडायला लागले, तरी एक काम उरतं. पुढच्या पाळीच्या माणसाला कागदावर काय द्यायचं? चकचा दाब, जॉचा क्रमांक, प्रत्येक टूल किती बाहेर, जी ५० चा आकडा, आणि सेटिंगच्या वेळचा वेअर ऑफसेट. हा शेवटचा आकडा सगळ्यात जास्त वेळा लिहायचा राहतो. इन्सर्ट झिजत जातो तसा बाहेरचा व्यास वाढत जातो आणि ऑपरेटर वेअर थोडा थोडा कमी करत नेतो. आपण उणे ०.०४६ वर सोडलं होतं. दीडशे-दोनशे नगांनंतर ते समजा उणे ०.०८० वर पोचलं. यातले चौतीस मायक्रॉन झिजेचे आहेत. आता इन्सर्टचा कोपरा बदलला आणि वेअर तसाच राहिला, तर पुढचा नग टॉलरन्सच्या खाली गेलाच म्हणून समजा. नव्या कोपऱ्यात मूळचाही काही शतांश मिलिमीटरचा फरक असू शकतो. म्हणून कोपरा बदलल्यावर वेअर आधी उणे ०.०४६ वर आणायचा, त्यात अधिक ०.२०० मिळवायचे म्हणजे अधिक ०.१५४ येतं, फिनिशिंग मारायचं, जॉब थंड करून मोजायचा, आणि तिथून पुन्हा मापाकडे उतरायचं. कागदावर उणे ०.०४६ लिहिलेलं असेल तर रात्रपाळीच्या मुलाला हे स्वतः करता येतं, सेटरला फोन लावावा लागत नाही.